उपाशी पोटात कोण जेवलं?

आमच्या सोनोग्राफीच्या खोलीत लोक येतात, पोट उघडं टाकून आडवे होतात आणि तोंडाने खोटं बोलतात. मी इथली मावशी. शिक्षण चौथी. पोटावरचं जेल पुसता पुसता इतके किस्से साठलेत, की घरी सांगायला बसले की नवरा म्हणतो, आधी जेवू दे. बरोबर आहे त्याचं. हे जेवताना ऐकायचं नाहीच.

*

मार्केट यार्डातले कांद्याचे एक व्यापारी. शुगर जुनी, हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं. रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही म्हणून मुलाची शपथ घेतली. डॉक्टर मॅडमनी त्यांना उजव्या कुशीवर वळवलं, पोटावर मशीन फिरवलं. पडद्यावर गोळेच गोळे! शेठ म्हणाले, मशीन बिघडलंय.

मी म्हटलं, "असेल बिघडलं. पण मिशीत शेव आहे. तीही मशीननेच लावली का?"

*

मग आल्या निवृत्त शिक्षिका. त्याही उपाशी, त्यांचंही पोट भरलेलं. मी तोंड सोडणारच होते, मॅडमनी थांबवलं. म्हणाल्या, वर्षानुवर्षं शुगर असली की पोटाच्या नसा बधिर होतात. अन्न पुढे सरकतच नाही, तिथेच बसून राहतं. तशात भूल दिली तर ते वर येऊन फुप्फुसात जातं आणि माणूस टेबलावरच जातो. म्हणून आधी बघायचं.

बाईंनी पडद्याकडे निरखून पाहिलं. परवा त्यांच्या यजमानांचं वर्षश्राद्ध झालं होतं.

"म्हणजे त्यांचं जेवण अजून माझ्यापाशीच आहे," त्या म्हणाल्या. आणि हसल्या. मला ते हसणं आवडलं नाही.

*

खराडीचा एक कॉम्प्युटरवाला. त्याचं पोट अगदी रिकामं. रिकामं पोट पडद्यावर कसं दिसतं माहितेय? गोल कडं आणि मधे ठिपका. डोळाच म्हणा. मॅडम खूश, रिपोर्ट चांगला. पोरगा मात्र घामाघूम.

"मॅडम, ती स्क्रीन वळवा ना."

का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "तो पापणी मिटत नाहीये."

मी हसले. पण त्या दिवसापासून खोली पुसायची असली की आधी पडदा बंद करते.

*

आणि कात्रजच्या आजी. त्यांचा उजव्या पायाचा अंगठा साखरेने काळा पडला होता. लवकर काढला नाही तर सगळा पाय जाणार, असं सर्जन स्पष्ट बोलले होते. पाठीच्या दुखण्यामुळे कमरेतून भूल देता येत नव्हती, पूर्णच द्यायची होती. आणि दर वेळी पोट भरलेलं! एकदा परत पाठवलं, पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. काळं आता पावलावर चढायला लागलं होतं.

मी झापलं. "आजी, पाय हवाय की पोळी?"

"मी नाही हो खाल्लं," त्या शांतपणे म्हणाल्या. "हे जेवले असतील."

हे म्हणजे आजोबा. घरी अर्धांगाने अंथरुणावर, बोलणं बंद, सून भरवते तेव्हा जेवतात. लग्न झाल्यापासून दोघं एकाच ताटात जेवायची म्हणे.

तिसऱ्या वेळी मॅडमनी पोट हलण्याचं औषध सुरू केलं आणि मला पहाटेपासून आजींच्या उशाशी बसवलं. एक घास गेला नाही, याची हमी माझी. सकाळी मशीन लावलं, पोट रिकामं. मॅडमनी हुश्श केलं. जेल पुसायला मी पुढे झाले, तर पडद्यावरचा तो डोळा फुगायला लागला. आमच्या डोळ्यांदेखत भरला. मॅडम मशीनचं बटण दाबत बसल्या.

मी बाहेर येऊन आजींच्या मुलाकडून नंबर घेतला आणि सुनेला फोन लावला. ती म्हणाली, बाबांना आत्ताच मऊ भात भरवायला घेतलाय.

"चमचा खाली ठेव," मी म्हटलं. "मी सांगेपर्यंत काही द्यायचं नाही."

कारण विचारलं तिने. मी म्हटलं, कारण मला माहीत नाही.

मॅडमनी दुपारी पुन्हा बघितलं. पोट रिकामं, आणि रिकामंच राहिलं. औषध लागू पडलं, असं मॅडम म्हणाल्या. आजींना आत घेतलं, अंगठा निघाला, पाय वाचला. मुलगा खाली औषधं आणायला गेलेला, घरी अजून कोणी कळवलं नव्हतं. अंगठ्याची बरणी लॅबला द्यायला मी जिन्याने उतरत होते, तर सुनेचा फोन आला. मला वाटलं, विचारेल आता भरवू का म्हणून.

"मावशी," ती कुजबुजत होती, "बाबा उठून बसलेत. बोलतायत. उजवा पाय धरून विचारतायत, माझा अंगठा कुठे घेऊन चाललात?"