धुरावालीची काडेपेटी

माझ्या मावशीला अख्खी वस्ती धुरावाली म्हणायची. तिला त्याचा राग नव्हता, मला यायचा. पण धंदाच तसा! डोंगराच्या पायथ्याशी, कोरड्या झुडपांच्या रानात एक पिवळं फूल येतं. त्याचं बी वेचून ती रोपवाटिकांना विकायची. बी महाहट्टी. कितीही पाणी घाला, ढिम्म हलत नाही. अंगावरून आग गेली, धूर लागला, तरच कोंब फुटतो. म्हणून मावशी दरवर्षी उताराचा एखादा तुकडा जाळायची. आग बाहेर सरकू नये म्हणून आधी भोवतीचं गवत खरवडून मातीचा पट्टा मोकळा करायचा, पहाटे वारा पडलेला असताना काडी ओढायची आणि विझेपर्यंत तिथून हलायचं नाही.

सुरुवातीला धूर दिसला की लोक बादल्या घेऊन धावायचे. मग नुसतं म्हणायला लागले, "लागली धुरावाली कामाला." पुढे मान वर करणंही सोडलं. "बरं झालं बाई, शिव्या तरी थांबल्या," मावशी हसायची. मला मात्र त्या हसण्याची धास्ती वाटायची.

त्या दिवशी ती नुसती बी वेचायला गेली होती. मी काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, जेवायला वाढत होते. खिडकीतून उतारावर धूर दिसला.

"काका, धूर!"

"तुझी मावशी. दुसरं कोण?"

"भर दुपारी? वारा बघा की!"

"तिच्याबरोबर संसार मी केलाय की तू? डोकं खाऊ नकोस, भाजी वाढ."

पडदा वाऱ्याने फडफडत होता. तो आवरायला वळले, तर मावशीची काडेपेटीची डबी दाराजवळच्या खिळ्याला लटकत होती. मी ती काढून काकांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांचा घास हातातच राहिला.

आम्ही पळत सुटलो. ओट्यावर बसलेले लोक हसत होते. "अहो, धुरावालीच आहे! कशाला जीव काढताय?" काका ओरडत होते, पण एकही मेला उठला नाही. उठले ते राख अंगणात पडायला लागल्यावर.

आग पलीकडच्या खिंडीतून आली होती. कुणी लावली, देव जाणे. मावशी तिच्या गेल्या वर्षीच्या पट्ट्यापाशी सापडली. तिथवर पोचली होती बिचारी, पण पट्ट्यावर पुन्हा गवत माजलं होतं.

पुढच्या वर्षी सगळा उतार पिवळाधमक झाला. लोक पोरंबाळं घेऊन बघायला आले, "काय सुंदर, काय सुंदर!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकांनी एक बी वेचलं नाही.

आता कुणी अंगणात पाचोळा जाळला तरी काका बादली घेऊन अनवाणी धावतात. आधी लोक दचकायचे. हल्ली म्हणतात, "लागला म्हातारा कामाला," आणि मान वर करत नाहीत.