वासराच्या रक्तातला निरोप

१२ फेब्रुवारी, मंगळवार. वेल्लोर. नळाला पाणी कमी. उशांचे अभ्रे शिवून आले. वरच्या खोलीतली भाडेकरू तेनमोळी प्रयोगशाळेतून दुपारीच परतली, जेवली नाही.

तेनमोळीचे वडील, तिचे अप्पा, आंबूरला कातड्याच्या कारखान्यात होते. ते क्षयानं गेले तेव्हा ती शाळेत होती. पुढे क्षयाच्या जंतूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेतच तिनं नोकरी धरली, आणि आईला लग्नाचा विषय काढू दिला नाही.

जंतू गिळलेली पेशी बारीक पिशव्या बाहेर सोडते. त्यांत मायक्रोआरएनएचे तुकडे असतात, शेजारच्या पेशींसाठी निरोप असावा तसे. अप्पांच्या छातीतूनही असा निरोप सुटला असेल, कुणी वाचला नाही, असं तिला वाटायचं. गेल्या वर्षी एक तुकडा फक्त जंतू दिलेल्या पेशींच्या बश्यांत सापडला होता. त्यावरून रक्ताच्या थेंबात क्षय लवकर ओळखता येईल अशी आशा होती. तिची नोकरीही त्याच तुकड्यावर टिकून होती.

बशीतल्या पेशींना वासराच्या रक्ताचं सीरम खाऊ घालतात. त्यात वासराच्याही पिशव्या असतात. त्या आधी यंत्रात फिरवून काढाव्या लागतात. पोंगलनंतर फ्रीज पुसताना तिला मागे एक बाटली दिसली. साफ केलेलं सीरम, सील तसंच. जंतूंच्या बंद खोलीत न्यायची बाटली बाहेरच राहिली होती. आतल्या फ्रीजमधलं साधं सीरमच तिनं वापरलं होतं, तेही फक्त जंतू दिलेल्या बश्यांना; बाकीच्यांना साफ केलेलंच मिळालं होतं.

कुणाला न बोलता तिनं साफ सीरम घालून प्रयोग पुन्हा केला. तुकडा दिसला नाही. आज ती प्रयोगशाळेच्या प्रमुख सुगंती मॅडमसमोर उभी राहिली.

“मॅडम, तो तुकडा वासराचा आहे.”

मॅडमनी चष्मा काढला. “म्हणजे वर्षभर आपण गोठ्यातच फिरत होतो म्हण.”

तेनमोळीनं नव्या प्रयोगाचे आकडे पुढे सरकवले. मॅडमनी ते पाहिले.

“बोलली नसतीस तर चाललं असतं.”

“आजारी माणसाच्या रक्तात शोधायला गेल्यावर कळलंच असतं, मॅडम.”

“ते खरं. पण मार्चनंतर तुझा पगार कुठून आणू, ते सांग.”

संध्याकाळी घरमालकीण आजी, सगळ्यांच्या पाट्टी, जिना चढून वर आल्या. “रसम गरम करू का गं?”

“नको, पाट्टी. आंबूरची पहिली बस कधी असते?”

“उजाडायच्या आत. आईला काय सांगणार आहेस?”

“वासरानं खाल्ली नोकरी म्हणेन.” तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

रसम उरलं. सकाळी इडलीबरोबर संपवायचं.