पोटल्या काही वाळेनात

काही हजार वर्षांपूर्वी जळालेल्या कुळथाला मोड आणायचा प्रयत्न मी केला आहे. तोही अगदी नियमितपणे.

आमची मुक्ता पुरातत्त्व शिकते. उत्खननात सापडलेल्या चुलीची माती पाण्यात ढवळायची, वर तरंगलेले जळके दाणे कापडात गाळायचे आणि पोटल्या सावलीत टांगून वाळवायच्या. त्या काळी लोक काय पिकवत होते, ते त्यावरून कळतं. सोमवारी तिला कोरडे दाणे सरांकडे द्यायचे होते. प्रबंध त्यावरच अडला होता. रावेतच्या घरी येताच तिनं हे सगळं आईला, म्हणजे सुनंदाला, सांगितलं. मी तेव्हा चाकणला, कंपनीत.

घरी आलो तर ड्राय बाल्कनीत चार पोटल्या! (आमच्याकडे टांगलेल्या पोटलीत एक तर चक्का असतो, नाहीतर मोड. चाचपून पाहिलं. चक्का नव्हता.) कापड सुकत चाललं होतं. सुनंदा विसरली असणार, म्हणून मी पाणी शिंपडलं. मी क्वालिटीत आहे, काम अर्धवट सोडत नाही. पहाटे शिफ्टला निघताना एकदा, आल्यावर एकदा.

मुक्तानं टेबलफॅन लावला. मोड सुकतील म्हणून मी तो बंद केला.

रविवारी ती रडकुंडीला आली. "आई, भिंतीत ओल आहे गं! वाळतच नाहीत."

सुनंदानं थेट वरच्या मजल्यावरच्या तात्यांना बोलावून आणलं.

"वहिनी, आमच्याकडून थेंबबी गळत न्हाई," तात्या भिंतीवरून हात फिरवत म्हणाले. "भिंत खडखडीत हाय की!"

"मग पाणी येतं कुठून?"

तेवढ्यात मी तांब्या घेऊन आलो. "तात्या, जरा सरका. मोडांना पाणी घालायचंय."

"कुठल्या मोडांना, बाबा?" मुक्तानं अगदी हळू विचारलं.

तिनं पोटली सोडली. आत एक हिरवा कोंब!

"आला की नाही?" मी म्हणालो.

"बाबा, ते मातीतलं आजचं गाजरगवत आहे! कोळशाला कधी मोड येतात का?" भिजून भिजून निम्म्या कुळथाचा भुगा झाला होता.

"चला, माझं बाथरूम तरी वाचलं," तात्या म्हणाले.

मुक्तानं सरांना फोन लावला, स्पीकरवर. ते म्हणाले, "उरलेल्या दाण्यांवर काम होईल. पण नीट वाळव, दोन दिवस वाढवून देतो. तिकडं पाऊस आहे का?"

"नाही सर. बाबा आहेत."



"मग आठवडा घे."