केबिनच्या लाल बादल्या

उदगीरच्या अलीकडे आमचं छोटं स्टेशन. त्याच्या टोकाला निजामाच्या काळातली सिग्नलची केबिन होती. वर लोखंडी दांड्यांची रांग. दांडी ओढली की लांबवर सिग्नलचा हात खाली यायचा. माझं नवीन लग्न झालेलं आणि आमचे हे तिथे हंगामी केबिनमन. यांनी दांडी ओढली की अख्खी गाडी हेच ओढतायत असं मला वाटायचं!

त्या वर्षी लातूर वेगळा जिल्हा झाला. उदगीरला पेढे वाटले, फटाके उडाले. पाणी तेवढं कुठेच नव्हतं. केबिनच्या दारात आग विझवायच्या दोन लाल बादल्या टांगलेल्या असत. त्या भरलेल्या ठेवायचा नियम होता. साहेब पाहणीला येणार होते आणि सगळं नीट दिसलं तर हे कायम होणार होते.

आणि नेमक्या त्याच सकाळी या गृहस्थांनी काय करावं? गावात एक पोर बाळंत झालेली. तिची सासू रिकामी घागर घेऊन आली, तर दोन्ही बादल्या तिच्या घागरीत ओतून मोकळे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"साहेबाला काय दाखवणार? स्वतःचं तोंड?"

"बाळाला आंघूळ नको व्हय?" हे निवांत दांड्या पुसत म्हणाले.

सासूने ते ऐकलं आणि घागर कमरेवर घेऊन ती निघून गेली.

दुपारी लाइनीवर साहेबांची ट्रॉली दिसली. बादल्या अजून कोरड्याच! तेवढ्यात गावाकडून बायका पळत आल्या, तांबे, गडवे, मिळेल ते भांडं घेऊन! पुढे तीच सासू. तिने पहिला तांब्या ओतला. मग एकच झुंबड! ट्रॉली थांबली तेव्हा बादल्या काठोकाठ भरल्या होत्या आणि बायका केबिनच्या मागे दडल्या होत्या.

साहेबांनी बादलीत डोकावलं. "पाणी गढूळ आहे रे."

"गावचंच हाय, साहेब."

साहेब हसले. यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुला कायम करायला सांगतो." मला तर तिथेच नाचावंसं वाटलं!

ट्रॉली वळणाआड गेली आणि बायका पुन्हा रांगेत. प्रत्येकीने आपापलं भांडं बादलीत बुडवून भरून घेतलं. उसनी साखर परत न्यावी तसं, अगदी हक्काने! आम्ही हसून बेजार.

सगळ्या गेल्या तरी तळाशी पाणी उरलंच. सासू आपला तांब्या परत भरून घ्यायला आलीच नव्हती. ती कधीच घरी गेली होती.

ते पाणी मी आमच्या घागरीत ओतलं आणि बाळंतिणीच्या घराकडे पळत सुटले.