म्वाना वांगा, म्हणजे माझं मूल

सीताबर्डीच्या फुटपाथवर माझ्या मित्राला लोकांनी मारलं, तेव्हा मी हाताभर अंतरावर उभी होते. तो मलावीचा, नागपुरात फार्मसी शिकायला आलेला. मी भाषाशास्त्रात पीएचडी करत होते. त्याची चिचेवा ही आफ्रिकेतल्या बांतू कुळातली भाषा. तिचे शब्द तो माझ्यासाठी रेकॉर्ड करायचा. म्वाना म्हणजे मूल. शब्द एकटा असला की पहिला स्वर लांबतो, म्वाऽना. मागून 'वांगा', म्हणजे 'माझं', जोडलं की तो स्वर आखूड होतो आणि लांबी 'वां'वर जाते. कानाला कळतं, बोलणं अजून संपलेलं नाही.

त्या संध्याकाळी तो व्हिडिओ कॉलवर गावाकडच्या आपल्या मुलीशी बोलत होता. म्वाना वांगा, म्वाना वांगा. मोबाईलमधली मुलगी बघायला एक चिमुरडी जवळ आली. त्यानं फोन तिच्याकडे वळवला. त्या आठवड्यात पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. कोणीतरी ओरडलं आणि पहिली थप्पड बसली.

फोन फुटला. मित्राला खाली पाडून लाथा घातल्या. हा काय बोलून राहिला, असं एकानं मला विचारलं. मी म्हणाले, 'माझं मूल' म्हणतोय, स्वतःच्या मुलीला. शेवटचे दोन शब्द कोणी ऐकलेच नाहीत. आमच्या पोरीले आपली म्हणते, असं म्हणत एकानं दुकानासमोरचा कपडे टांगायचा लोखंडी दांडा उपसला. तो मित्राच्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी मधे पडले, तर दुसरा फटका माझ्या कोपरावर.

थांबवलं ते त्या चिमुरडीच्या आईनं. ती त्याच्यावर आडवी पडली.

"माही पोरगीच गेली होती त्याच्याजवळ. त्यानं हात नाही लावला गा. मारायचं तर मले मारा."

दवाखान्यात त्याचा जबडा तारांनी बांधला. तारा निघाल्यावर त्यानंच रेकॉर्डर मागितला. स्वर ओढताना कळ यायची, म्हणून तो सगळेच आखूड म्हणायचा. म्वाना म्हणाला की मी पुढच्या शब्दाची वाट बघत राहायचे. त्यानं ते ओळखलं.

"ताई, संपलं," तो म्हणाला. "मूल. एवढंच."

शिक्षण अर्धवट टाकून तो परत गेला. त्या बाईनं पोलिसांत जबाब दिला. दोघांना अटक झाली, जामीनही झाला. प्रबंध मी जुन्या रेकॉर्डिंगवर पूर्ण केला. कोपर अजून सरळ होत नाही.