डकोटाची ओटी

मुतगे गावचा भावकू लढाईवरून लंगडत परतला, तरी रुबाब पलटणीचाच. सांबऱ्याच्या विमानतळावर त्याला गवत कापायचं काम मिळालं, तिथंही गडी कवायत केल्यासारखा विळा चालवी. असा हा शिस्तीचा माणूस शेहेचाळीस सालच्या एका सकाळी विळा तिथंच टाकून घराकडे पळत सुटला.

"गुणे, वटीची तयारी कर! ती आलीया!"

"कोण ती?" त्याच्या बायकोने, गुणाबाईने कमरेला पदर खोचला.

"अगं, डकोटा! मला ब्रह्मदेशातनं उचलून आणलेलं इमान. आत जाऊन बघून आलो. दारापाशी पत्र्याचं ठिगळ हाय, त्याचे खिळे मोजले. एकोणीस! तापात पडल्या पडल्या हेच मोजत आलतो. आता म्हातारी झालीया म्हणं. उद्या शेवटचं उडणार, मग मोडीत."

त्या तापातच भावकू नवस बोलला होता. जित्ता पोचवलीस तर बायकोच्या हातनं तुझी ओटी भरीन! नवस देवाला बोलायचा असतो, हे तेव्हा त्याला कोण सांगणार? वर्षभर तो नवस त्याच्या उरावर बसून होता. न फेडता ती गेली, तर आपण एका बाईला फसवलं, असं त्याला मनापासून वाटे.

"देव सोडून पत्र्याला नवस? शाणंच हायसा तुमी!" गुणाबाई म्हणाली खरी, पण बडबडत बडबडत तिने ट्रंकेतला कोरा खण बाहेर काढला.

विमानतळाच्या फाटकावर पहाऱ्याला निपाणीकडचा हवालदार मारुतीराव होता. "बायकास्नी आत सोडायचा हुकूम न्हाय," त्याने हात आडवा केला.

"आण्णा, नवस हाय," गुणाबाई म्हणाली.

मारुतीरावाचा हात आपसूक खाली आला. "नवस हाय व्हय? मग आडवून मी कशाला पाप घेऊ? पर बिगीबिगी आटपा. चला, मीबी येतो."

आता पंचाईत कुंकवाची. विमानाचं नाक वर आभाळात, मग कपाळ कुठलं धरायचं? मारुतीराव म्हणे काचेच्या वर, भावकू म्हणे नाकावर. दोघं हमरीतुमरीवर आले. शेवटी गुणाबाईने दोघांना गप्प केलं आणि दाराच्या चौकटीला हळदकुंकू लावलं. "माणसं पोटात घालून आणलीयात हिनं. कुठंबी लावलं तरी चालतंय."

मग उंबऱ्यावर खण, नारळ, सुपारी, हळकुंड आणि ओंजळभर तांदूळ. भावकूने सुस्कारा सोडला. त्याला इतकं हलकं वाटलं, की तो उगाचच हसत सुटला.

गुणाबाईने हात जोडले. "पुन्हा ये गं, बाई."

"वैनी, ती मोडीत चाललीया," मारुतीराव म्हणाला. "कुठली येतीया परत?"

"म्हणून काय झालं? वटी भरून कुणाला जा म्हणत्यात व्हय?"

भावकूचं हसू थांबलं नव्हतं, आणि डोळेही वाहू लागले होते. ते त्याने पुसले नाहीत. विमानाच्या अंगावर त्याने हात ठेवला.

"येत जा, आक्का," तो म्हणाला. "घर तुला म्हाईत न्हाय आमचं. मुतग्यात कुणालाबी इचार, भावकूचं घर कुठलं म्हणून."