रुक्माबाईंचं हसू आणि तीसपट झूम

आमच्या कैंप-1 मध्ये, म्हणजे हिंदी मुलखातल्या पोलाद कारखान्याच्या कामगार वस्तीत, गेलेल्या माणसांचे चेहरे एकाच साच्याचे असतात. मान ताठ, ओठ मिटलेले, डोळे असे रोखलेले की समोर कुणीतरी रागावून उभं आहे. कारण साधं आहे. घरातला माणूस गेला की फोटोची शोधाशोध सुरू होते आणि शेवटी हाती लागतो तो प्लांटच्या गेट पासवरचा. मग तोच मोठा करायचा, मागे निळा रंग भरायचा आणि फ्रेम करून भिंतीवर लावायचा. जन्मभर जिवंत राहिलेला माणूस शेवटी गेटवर अडवल्यासारखा दिसतो. मला या प्रकाराचा फार राग येतो.

गेल्या थंडीत कुरुदला गुलाबराव वारले, माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. हा माणूस मयतीतसुद्धा चार जणांना हसवून यायचा. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या. त्यांची मुलगी सीमा बराच वेळ फोटोकडे बघत राहिली आणि म्हणाली, "माहे बाबा असे नोयते. हा त कोनी दुसराच मानूस हाये."

परतताना सासरे माझ्या स्कूटीवर मागे बसले होते. अर्ध्या रस्त्यात एकदम म्हणाले, "संघमित्रा, मले एक कॅमेरा घ्याचा हाये. दुरून जवळचं दाखवनारा."

त्यांना सगळा कैंप भय्याजी म्हणतो, मी मामाजी म्हणते. एकोणिसाव्या वर्षी भंडाऱ्याकडून आले आणि काही वर्षांनी प्लांटमध्ये क्रेनवर लागले. बत्तीस वर्षं चाळीस फुटांवरच्या केबिनमध्ये बसून खालचा माल इकडचा तिकडे केला. वरून त्यांना माणसांची फक्त हेल्मेटं दिसायची, चेहरा कधीच नाही. रिटायर झाल्यावर बाकीचे लोक पत्ते खेळायला बसले, हे मात्र गच्चीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघत बसायचे. राजदीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते बरोबर वाटायचं नाही. मला वाटतं, बत्तीस वर्षांची उधारी होती ती.

पण कॅमेरा सगळ्या जगासाठी नव्हता. एका माणसासाठी होता. माझ्या सासूबाई, रुक्माबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

आत्याबाईंच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. लहानपणी पोरी चिडवायच्या म्हणून हसू आलं की हात तोंडावर जातो, तो साठी उलटली तरी जातोच. आणि कॅमेरा दिसला की हसूच संपतं. हात मांडीला चिकटवून, हनुवटी वर करून अशा उभ्या राहतात की आता कुणीतरी शिक्का मारणार. त्यांचे आजवरचे सगळे फोटो कुठल्या ना कुठल्या कार्डासाठीच काढलेले, त्यामुळे फोटो म्हणजे तपासणी हे डोक्यात पक्कं बसलंय. त्या खऱ्या हसतात त्या गच्चीवरून दिसणाऱ्या विहाराच्या अंगणात, मैत्रीण शकुबाईजवळ. आपण पन्नास पावलं लांब असलो तरच. जवळ गेलं की खलास.

भय्याजींच्या डोक्यात हेच होतं. रुक्माचा गेट पास होऊ द्यायचा नाही.

आत्याबाईंनी ऐकलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. "अजी, मले भिताडावर टांगाची मोठी घाई झाली का तुमाले?"

"तसं नाई वं."

"मंग कसं? माह्या मायचा एकही फोटो नाई. गावात कॅमेरा कोनापाशी होता? म्हून का मी तिले इसरली?" असं म्हणून त्यांनी सूप जरा जोरातच आपटलं. मग हळूच म्हणाल्या, "डोये आठवते. आता तोंड नाई आठवत बराबर."

दुसऱ्या दिवशी भय्याजी मला म्हणाले, "चाल."

आधी मी माझा फोन पुढे केला होता. त्यातही झूम आहे, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. गच्चीवरून विहाराचा दरवाजा काढून दाखवला तर दरवाजाचा रवा झाला. त्यांनी फोन परत दिला आणि माझा अपमान होणार नाही एवढंच हसले.

दुकान राजकुमार नावाच्या एका बोलक्या माणसाचं होतं. भय्याजींनी बजेट सांगितलं, वीस हजारांच्या आत. त्यानं मान डोलावली आणि लगेच त्याच्या दुप्पट किमतीचा कॅमेरा काचेवर ठेवला, दोन लेन्ससकट. "अंकल, ये लीजिए. पास के लिए ये, दूर के लिए ये. बस बदलते रहिए."

"अन लेन्स बदलवेपर्यंत मानूस हासतच राहीन का?" भय्याजींनी मला विचारलं. राजकुमारला मराठी कळत नव्हती, पण माझं हसू कळलं.

मग एक लांब सोंडेचा आला. झूम जबरदस्त. भय्याजींनी हातात घेऊन तोलला. "हे त तोफ हाये. गच्चीवर धरली त अख्खा मोहल्ला हात वर करून उभा राहीन." तोही गेला.

शेवटी खालच्या फळीवरून एक छोटा काळा कॅमेरा निघाला. जुनं मॉडेल, काचेत ठेवलेला नमुना, एका कोपऱ्यावर ओरखडा. तीसपट झूम, ऑप्टिकल. राजकुमार समजावू लागला, ऑप्टिकलमध्ये भिंग खरंच पुढे सरकतं, डिजिटलमध्ये आहे तोच फोटो ताणला जातो. मी मराठीत सांगितलं. भय्याजींनी एका झटक्यात पकडलं.

"म्हंजे एक हुक खरंच खाली सोडते, अन दुसरा निस्ता सोडल्यासारखं दाखवते."

इतकं चांगलं मला कुणी समजावून सांगितलं नसतं.

पण विकत घेण्याआधी टेस्ट लोड. हा त्यांचा शब्द. नव्या दोरखंडावर पहिल्यांदाच खरा माल लावायचा नसतो, आधी वजन लावून बघायचं असतं. ते दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि रस्त्यापलीकडच्या चहावाल्यावर झूम सोडला. चहावाला कुणावर तरी ओरडत होता. फोटोत त्याचा पानानं रंगलेला एकेक दात मोजता येत होता. राजकुमार म्हणाला, "मेगापिक्सल थोड़ा कम है, अंकल." भय्याजी म्हणाले, "दांत पूरे हैं." अठरा हजारांत सौदा झाला.

खरी अडचण घरी कळली. झूम पूर्ण सोडला की चित्र झुलायचं. हात जरा हलला की आत्याबाईंच्या जागी विजेचा खांब यायचा. मी म्हटलं, "मामाजी, स्टँड घेऊ."

"कायले? बत्तीस वरसं झुलता माल पकडला म्या." त्यांनी मला गच्चीवर बसवून सांगितलं. माल झुलत असला की त्याच्या मागे धावायचं नाही. झोक्याच्या टोकाला तो पळभर थांबतो. फक्त तेव्हाच पकडायचा. "चित्राचंही तसंच हाये. अन हासन्याचंही."

दोन महिने हे चाललं. गल्लीतल्या मांजरी झाल्या, शेजारच्या चंदाचे वाळत घातलेले पापड झाले, ड्युटीवरून परतणारी माणसं झाली. आत्याबाई मात्र सापडेनात. हसू यायचं आणि त्याच्या आधी हात यायचा. भय्याजी चिडायचे नाहीत. मीच चिडायचे.

बुद्धपौर्णिमेला विहाराच्या अंगणात खिरीचं मोठं गंज, म्हणजे उंच पातेलं, चुलीवर चढलं. सकाळीच ऊन तापलेलं. आत्याबाई दोन्ही हातांनी लांब सराट्यानं खीर ढवळत होत्या, थांबलं तर खाली लागली असती. शकुबाई शेजारी वेलची कुटत होती. तिनं काहीतरी सांगितलं. काय ते देव जाणे असं आमच्यात म्हणायची सोय नाही, शकुबाईच जाणे. आत्याबाईंना हसू फुटलं, आणि दोन्ही हात सराट्यावर अडकलेले.

गच्चीवर माझ्या शेजारी एक बारीक क्लिक झालं.

संध्याकाळी भय्याजींनी कॅमेरा आत्याबाईंसमोर ठेवला. आत्याबाईंनी पडद्यावर ओझरतं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मले न इचारता काढला? दात दाखवाले?"

"चुकलं माहं," भय्याजी म्हणाले. खरंच ओशाळले होते. "म्हन त आत्ता मिटवतो." आणि त्यांनी बटणावर अंगठा ठेवला. मला ओरडावंसं वाटलं. दोन महिने उन्हात तापलेला माणूस, एका शब्दावर सगळं पुसायला तयार.

"थांबा," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी कॅमेरा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. ट्यूबलाइटखाली जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर घामेजलेला चेहरा, सुटलेली बट, मिटत आलेले डोळे आणि ती फट.

"हे मी नोये," त्या म्हणाल्या. "हे माही माय हाये."

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "अशीच हासे ते. हेच दात." आणि त्या कॅमेरा पदरात धरून रडल्या. मीही रडले, उगाच का लपवा.

फोटो मोठा करून आणला. निळा रंग भरू दिला नाही. आत्याबाईंनी स्वतः खिळा ठोकून तो बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली लावला. कुणी विचारलं तर सांगतात, "माही माय." लोक एकदा फोटोकडे, एकदा त्यांच्याकडे बघतात आणि वाद घालत नाहीत.

"अन मंग तुह्या फोटोचं काय?" भय्याजींनी परवा विचारलं. अठरा हजार खर्चून त्यांच्या हाती सासू लागली होती.

"काढा ना. कोन नाई म्हनते?" आत्याबाई उठल्या, हात मांडीला चिकटवले, हनुवटी वर केली. अस्सल गेट पास. भय्याजींनी कॅमेरा खाली ठेवला आणि पोट धरून हसले.

त्यामुळे ते अजूनही रोज सकाळी गच्चीवर चढतात. आत्याबाईंना ते पक्कं ठाऊक असतं. विहाराकडे जाताना त्या वर न बघता एवढंच विचारतात, "अजी, चढले का?" मग शकुबाईजवळ जाऊन बसतात आणि हसतात. हल्ली दोन्ही हात मोकळे असतात, पण तोंडावर जात नाहीत.